किडनी तुझ्या सहीनं गेली नाही, पोरी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सुनेचा लांबलचक मेसेज आलाय. तिला विचारूनच थोडक्यात देते, गाव आणि नावं काढून टाकलीत.

"मावशी, माझ्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, वय ३६, किडनी सासूबाईंनी दिली. महिनाभर सगळं छान होतं, क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) १.३ वर आलेलं. पाचव्या आठवड्यात ऑपरेशनच्या बाजूला जांघेत दुखायला लागलं, ताप बघितला तर ९९ च्या आसपास, आम्हाला वाटलं टाके ओढत असतील. चार दिवसांनी चक्कर येऊन पडले, हिमोग्लोबिन १०.२ वरून ६.८ वर. सीटी अँजिओ केली तर किडनीची नस जिथं जोडली तिथं फुगा आलेला आणि तो गळत होता. रात्री साडेअकराला डॉक्टर म्हणाले, किडनी आत्ताच काढावी लागेल. दीर गोव्यात कामाला, फोन लागेना. फॉर्म इंग्लिशमध्ये, मी सही केली. नंतर रिपोर्ट आला, नसेत कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. आता तीन आठवडे झाले, बेळगावला आठवड्यातनं तीनदा डायलिसिस चालू आहे. घरात सगळे म्हणतात मी गडबड केली, थांबले असते तर गोळ्यांनी किडनी वाचली असती. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. जाऊबाई म्हणतात स्वयंपाकघराच्या भिंतीला बुरशी होती, त्यात मी त्यांना रोज ताक दिलं, त्यातनंच झालं. दीर म्हणतात बुरशीच्या गोळ्या बंद करा, किडनीच गेली तर आता कशाला खर्च. माझं काय चुकलं मावशी? आणि परत ट्रान्सप्लांट होईल का?"

पोरी, पहिल्यांदा तुझ्या त्या रात्रीबद्दलच बोलते, बाकीचं मागनं. बावीस वर्षं मी डायलिसिस आणि ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात नर्स होते, आता रिटायर होऊन बेळगावच्या शहापुरात घरी असते. डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचा डोस वगैरे मी ठरवणार नाही, पण तू ज्या जागी उभी होतीस ना, हातात पेन आणि बाजूला कोण नाही, त्या जागी मी कितीतरी बायकांच्या शेजारी उभी राहिलेली आहे. तू बरोबर केलंस. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, का बरोबर ते नीट सांगते आणि हे घरात मोठ्यानं वाचून दाखव, सासूबाईंना तर नक्कीच.

नवीन किडनी पाठीमागं जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. जुन्या बहुतेक वेळा तशाच राहतात. नवीन बसवतात पुढं, ओटीपोटात एका बाजूला, जांघेच्या जरा वर, आणि तिची नस पायाकडं जाणाऱ्या मोठ्या नसेला शिवतात. केसासारख्या बारीक दोऱ्यानं. त्या शिलाईतनं मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा रक्ताचा दाब आपटत असतो, रात्रंदिवस. आता त्या शिवलेल्या जागी बुरशी बसली की ती नसेची भिंतच पोखरते, भिंत लिबलिबीत होते आणि दाबानं बाहेर फुगते. सीटीत जो फुगा म्हणाले तो असाच, त्याला नसेची पक्की भिंत नसतेच, बाहेरनं नुसती रक्ताची गुठळी आणि आजूबाजूचं मांस धरून ठेवत असतं. आणि तुमचा तर गळायला लागला होता, हिमोग्लोबिन चार दिवसांत जवळजवळ साडेतीननं खाली आलं ते रक्त पोटातच तर सांडत होतं की.

दीर म्हणतात गोळ्या देऊन बघायच्या होत्या. त्यांना ऊसाच्या पाण्याची पाइप माहीत असेल, मोटर चालू आहे आणि जॉइंट कुजलाय, तिथं बाहेरनं टेप गुंडाळून किती वेळ टिकेल? बुरशीचं औषध रक्तातनं जातं, आणि मेलेल्या, कुजलेल्या भिंतीत रक्तच नीट पोचत नाही मग औषध कुठनं पोचणार. औषधाला काम करायला दिवस आणि आठवडे लागतात. फुगा फुटला तर मिनिटं मिळतात, आयसीयूत असला तरी मिनिटंच. दुसरी अडचण त्याहून मोठी. किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही जी औषधं चालू होती ना, त्यांनी शरीराची लढायची ताकदच कमी करून ठेवलेली असते. किडनी ठेवायची तर ती औषधं पाहिजेत, बुरशी मारायची तर ती कमी नाहीतर बंद केली पाहिजेत. दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून अशा वेळी सर्जन किडनी काढतात, सडलेला नसेचा तुकडा काढतात आणि पायाकडं रक्त जाईल अशी वाट करून देतात. कधी मांडीतली शीर घेऊन ठिगळ लावतात, कधी दुसऱ्या पायाच्या नसेतनं फिरवून आणतात. फुगा छोटा असला, गळत नसला, लवकर सापडला तर नस दुरुस्त करून किडनी ठेवल्याचीही उदाहरणं आहेत, ते मी लपवत नाही. पण गळणारा फुगा, ६.८ चं हिमोग्लोबिन आणि मध्यरात्र, तिथं किडनी का माणूस एवढाच प्रश्न उरतो. दिरांचा फोन लागला असता तर कदाचित तासभर चर्चा झाली असती. तो तास तुमच्याकडं नव्हता.

सासूबाईंचं दुःख मला कळतं. पोटचा काढून दिलेला अवयव, कापून बादलीत गेला असंच त्यांना वाटत असणार. त्यांच्याशी वाद घालू नको, पण एवढं सांग की आई, तुमची किडनी महिनाभर चांगली चालली, १.३ क्रिएटिनिन म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारा, किडनीत खोट नव्हतीच, आजार नसेला झाला. त्या चार आठवड्यांत मुलाच्या अंगातली वर्षांची साचलेली घाण धुऊन निघाली, म्हणून त्या रात्रीचं एवढं मोठं ऑपरेशन तो सोसू शकला असं मला तरी वाटतं.

आता जाऊबाईंची भिंत आणि ताक. खानापूरकडचा पाऊस मला माहीत नाही असं कोण म्हणेल, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर जूनपासनं चार महिने अंथरुणं वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला बुरशी, लोणच्याच्या बरणीला बुरशी, भिंतीचं काय घेऊन बसलाय. पण रिपोर्टमध्ये काय लिहिलंय बघ, कॅन्डिडा. भिंतीवरची काळी-हिरवी बुरशी वेगळ्या जातीची, अॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम असली नावं. कॅन्डिडा भिंतीवर वाढत नाही, ती माणसाच्या तोंडात, आतड्यात, चामडीवर असते, तुझ्या, माझ्या, जाऊबाईंच्या पण. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये ती नसेपर्यंत पोचते ती लघवीच्या नळीतनं, ड्रेनमधनं, लघवी गळून साचली तर त्यातनं, गळ्यातल्या डायलिसिसच्या कॅथेटरमधनं, नाहीतर किडनी काढून बर्फातल्या द्रावणात ठेवतात त्या द्रावणात गेलेली असते. मृत डोनरच्या वेळी आतड्याला धक्का लागून ते द्रावण खराब होतं असं जास्त आढळलंय, जिवंत डोनरमध्ये कमी, पण होतं. तुमच्या बाबतीत नक्की कुठनं आली हे बहुधा कधीच कळणार नाही. आणि बहुतेक केसेस ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दिसतात, म्हणजे सुरुवात ऑपरेशनच्या आसपासचीच असते. तुझ्या स्वयंपाकघराला त्यात ओढायचं कारण नाही.

ताकातले जंतू मुख्यतः बॅक्टेरिया असतात, नसेतली असली कॅन्डिडा ताकातनं होत नाही. हां, औषधं चालू असताना कच्चं न तापवलेलं दूध, त्याचं दही, उघड्यावरचं ताक हे नको म्हणतात ते वेगळ्या इन्फेक्शनसाठी. दूध उकळून घरी लावलेलं दही असलं तर तुझी काही चूक नाही. आता डायलिसिसवर मात्र ताक वाटीभरच, कारण पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी मोजावं लागतं.

भिंतीची बुरशी मात्र तरीही काढून घ्या, जाऊबाई एका अर्थानं बरोबर आहेत. अॅस्परजिलस आणि म्युकर या दोन बुरशा हवेतनं फुफ्फुसात जातात आणि त्याही नसेतच घुसतात, रक्त गोठवतात, पुढचा भाग काळा पडतो. २०२१ ला कोविडनंतर काळी बुरशी म्हणून जी साथ बघितली ती म्युकरचीच की, आपल्याकडं किती घरांत रडारड झाली. म्हणून परत ट्रान्सप्लांट होईल तेव्हा शेणखत उकरणं, गोठा झाडणं, भाताचं पिंजर काढणं, जुनी भिंत खरवडणं ही कामं मिस्टरांना नको, दुसऱ्यांनी करायची आणि ते तिथं नसताना करायची.

मध्येच एक गोष्ट सांगते कारण रिपोर्ट हातात आला की लोक घाबरतात. नसेच्या असल्या फुग्याला रिपोर्टमध्ये मायकोटिक अन्युरिझम लिहितात. मायकोटिक म्हणजे बुरशीचा असा अर्थ वाटतो, पण हे नाव विल्यम ऑस्लर या डॉक्टरनं १८८५ ला दिलं ते फुगा अळंबीसारखा दिसतो म्हणून, आणि त्याच्या पेशंटला बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होतं. म्हणजे आजही तो शब्द असला तरी आत बुरशी आहे की बॅक्टेरिया ते कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) आणि बायोप्सी (काढलेल्या तुकड्याची तपासणी) यांवरच ठरतं. तुमच्यात नसेच्या तुकड्यातच कॅन्डिडा मिळाली म्हणून विषय पक्का आहे. नुसत्या ब्लड कल्चरवर विसंबले असते तर कदाचित निगेटिव्हच आलं असतं, असं पुष्कळदा होतं. आणि तापाचं म्हणशील तर प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड चालू असताना ताप पुष्कळदा नीट चढत नाही, म्हणून ९९ ला सुद्धा हलकं घ्यायचं नाही. हे तुला कुणी डिस्चार्जच्या वेळी सांगितलं नसेल तर ती तुझी चूक नाही. जांघेत दुखतंय, लघवी कमी झालीये, किडनीच्या जागी काही धडधडतंय, एक पाय गार पडतोय, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी डॉपलर (नसेतलं रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी) करायला जायचं, टाके ओढतात म्हणून घरी बसायचं नाही. तुझ्यासाठी उशीर झाला, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात चार दिवस वाचतील.

दिरांच्या दुसऱ्या म्हणण्याला मात्र ठाम नाही म्हण. बुरशीची औषधं बंद करायची नाहीत. किडनी गेली तरी शिवलेली नस तिथंच आहे आणि तिच्या आजूबाजूला बुरशीचे कण राहिलेले असू शकतात. तेच ठिगळ परत फुगलं तर तिथं किडनी नाही, पण पाय आणि जीव आहे. या औषधाचा कोर्स आठवड्यांचा असतो, कधी महिन्यांचा, आणि तो किती हे स्कॅन बघून ठरतं, पेशंटला बरं वाटतंय का यावर नाही. तू लिहिलंस की आधी दोन आठवडे इंजेक्शन आणि आता फ्लुकोनाझोलच्या गोळ्या. डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. एक, कॅन्डिडाची जात कुठली आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये फ्लुकोनाझोल लागू आहे का, कारण क्रुसेई नावाच्या जातीवर ते चालतच नाही, ग्लाब्राटावर कमी चालतं, आणि हॉस्पिटलात सापडणारी ऑरिस तर बहुतेक वेळा दाद देत नाही. दुसरं, डायलिसिसच्या दिवशी गोळी कधी. फ्लुकोनाझोल डायलिसिसमध्ये धुऊन निघून जातं, म्हणून त्या दिवशी ती मशीननंतर देतात. सकाळी उठल्या उठल्या गोळी घेऊन डायलिसिसला बसत असतील तर निम्मं औषध पाण्यात चाललंय. हे कुणी सांगत नाही, विचारल्याशिवाय.

टॅक्रोलिमस अजून थोडी चालू ठेवलीये का तेही बघ. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल या गोळ्या टॅक्रोची लेव्हल झपाट्यानं वर नेतात, व्होरिकोनाझोल सुरू करताना टॅक्रोचा डोस एक तृतीयांशावर आणतात एवढा फरक पडतो. आणि बुरशीची गोळी बंद केली की लेव्हल धाडकन खाली. पुढच्या ट्रान्सप्लांटला हे लक्षात ठेवायचं. पपनस पण तसंच करतं, आपल्या बाजूला परसात झाड असतं आणि शेजारणी प्रेमानं आणून देतात, टॅक्रो चालू असेल तर ते नको. प्रेडनिसोलोन, ज्याला घरात स्टिरॉइड म्हणत असाल, ती एकदम बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायची, नाहीतर बीपी पडून उलट्या होऊन परत अॅडमिट.

डोळ्यांचं विसरू नको. रक्तात कॅन्डिडा फिरली असेल तर ती डोळ्याच्या पडद्यावर बसू शकते. धूसर दिसतंय, काळे ठिपके तरंगतायत असं काही म्हणाले तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडं, बाहुली मोठी करून तपासणी. ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलेलं असेल तर तक्रार नसतानाही एकदा करून घे, आणि हृदयाची इको झालीये का तेही विचार.

आणि जांघेतल्या जखमेवर लक्ष. थोडंसं रक्त आलं आणि आपोआप थांबलं तर बरं झालं म्हणू नको, मोठ्या रक्तस्रावाच्या आधी असं थोडं येऊन थांबतं. तिथं धडधडणारी गाठ, अचानक पोटात-पाठीत दुखणं, पाय गार आणि पांढरा, थंडी वाजून ताप, यातलं काही दिसलं की लगेच १०८ ला फोन, आणि जखमेतनं रक्त येत असलं तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरायचं. दाब सोडून सारखं उघडून बघायचं नाही. तुमच्या गावातनं बेळगाव गाठायला पावसात वेळ लागतो, म्हणून रात्री बघू, सकाळी बघू असं करू नको.

परत ट्रान्सप्लांट. होतं. पण आत्ता नाही. बुरशी पूर्ण गेली हे स्कॅनवर दिसलं पाहिजे, औषध बंद करून काही महिने शांत गेले पाहिजेत, मग टीम विचार करते आणि शक्यतो पोटाच्या दुसऱ्या बाजूला बसवतात. एक अडथळा सांगून ठेवते म्हणजे पुढं धक्का बसणार नाही, पहिल्या किडनीमुळं आणि रक्ताच्या बाटल्या चढवल्यामुळं अंगात अँटिबॉडी, म्हणजे परक्या अवयवाशी लढणारे घटक, तयार होतात, त्यामुळं दुसरा जुळणारा डोनर हुडकायला जास्त वेळ लागू शकतो. म्हणून आता रक्त चढवायची वेळ आली तर आधी डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारून, एरिथ्रोपोएटिन (अंगातच रक्त तयार करायला लावणारं औषध) आणि लोहाच्या इंजेक्शननं हिमोग्लोबिन वर आणता येत असेल तर ते चांगलं. कायद्यानं बायको नवऱ्याला किडनी देऊ शकते, पण तू लगेच मी देते म्हणून उठू नको, घरात दोन लहान मुलं आहेत असं लिहिलंस, आधी तुझी तपासणी आणि मग तुझी इच्छा, या क्रमानं. कर्नाटकात मृत डोनरच्या यादीसाठी जीवसार्थकते या सरकारी संस्थेकडं नाव नोंदवतात, ते हॉस्पिटलमार्फतच होतं. लवकर व्हावं म्हणून कुणी एजंट भेटला, पैसे देऊन डोनर आणतो म्हणाला तर दारातनंच परत पाठव, १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, शिवाय असल्या चोरट्या ऑपरेशननंतर बुरशीचे आणि बाकीचे इन्फेक्शन जास्त झालेले जगभर दिसलेत.

पैशाचं तुझं टेन्शन मला ओळींच्या मधनं दिसलं. तुमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं, म्हणून आधी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकच्या काउंटरला डायलिसिस आणि या औषधांचं विचार. महाराष्ट्र सरकारनं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली होती, तुमचं गाव त्यात आहे का आणि कोल्हापूर-मिरजेचं कुठलं हॉस्पिटल घेतं का ते तिकडच्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा माणूस) फोनवर विचारून मगच जा, एवढ्या लांबनं पेशंटला हेलपाटा नको. कन्नड फॉर्म भरायला अडचण आली तर गावातल्या आशा कार्यकर्तीला बरोबर घे. आणि इंग्लिश फॉर्मवर सही केली हे तुझ्या मनाला लागलंय, तर यापुढं मराठीत समजावून सांगा म्हणायचं, तो तुझा हक्क आहे आणि म्हणायला लाजायचं नाही. पण त्या रात्री फॉर्म मराठीत असता तरी त्यात तेच लिहिलेलं असतं.

डिस्चार्ज समरी, सीटीचा रिपोर्ट, नसेच्या तुकड्याची बायोप्सी आणि कल्चर, ऑपरेशन नोट, या सगळ्याच्या कॉप्या हॉस्पिटलमधनं मागून एका फाइलीत ठेव आणि डायलिसिस युनिटला एक सेट दे. पुढचा सर्जन पहिल्यांदा तेच मागणार.

सासूबाईंना पुढच्या खेपेला बेळगावला बरोबर ने. त्यांचं स्वतःचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन दर वर्षी बघायला पाहिजे, एका किडनीवर माणूस नीट जगतो पण तपासणी चुकवायची नाही, आणि या सगळ्या धावपळीत त्यांची तपासणी झाली नसणार असा माझा अंदाज आहे. डायलिसिसला चार तास मुलाजवळ बसू दे त्यांना. तू तोवर बाहेर जाऊन काहीतरी खाऊन ये, मेसेजमध्ये तू स्वतःच्या जेवणाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस.